जागेवर उभी असताना गाडी थरथरते. प्लग, कॉइल बदलून झाले, आता पुढे काय पाहावे?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. गाडीच्या एका जुनाट दुखण्याबाबत आपला सल्ला हवा आहे. माहिती थोडी सविस्तर देते, म्हणजे उलटसुलट प्रश्नांत आपला वेळ जाणार नाही.

गाडी २०१३ सालची, चार सिलिंडरची, बाराशे सीसी पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक आहे. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही. गाडी एक लाख अठरा हजार किलोमीटर चालली आहे. २०१८ साली बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले आणि तेव्हापासूनचे बहुतेक अंतर, म्हणजे सुमारे सत्तर हजार किलोमीटर, सीएनजीवरच झाले आहे. कऱ्हाडहून पाटणला रोज शाळेत जाणे-येणे असते.

तक्रार अशी, की गेल्या दिवाळीपासून गाडी उभी असताना इंजिन एका लयीत चालत नाही. सिग्नलला थांबले की आतल्या आरशात मागच्या ट्रकचे दिवे एकाचे दोन दिसू लागतात, इतका आरसा थरथरतो. आरपीएमचा काटा सातशेच्या आसपास असतो, पण मध्येच साडेपाचशेपर्यंत खाली जाऊन परत वर येतो. एसी लावला की प्रकार वाढतो. चालत्या गाडीत मात्र काहीही जाणवत नाही, पिकअपही जवळपास पूर्वीसारखाच आहे.

आतापर्यंत चारही प्लग नवे टाकले, प्लगला ठिणगीची वीज देणारी एक कॉइल बदलली, एअर फिल्टर बदलला आणि थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग, दोनदा साफ करून घेतली. नऊ हजारांच्या वर खर्च झाला आणि फरक शून्य. आता गॅरेजमध्ये इंजेक्टर क्लीनिंग करायला सांगत आहेत आणि त्यानेही भागले नाही तर पेट्रोलचा पंप बदलू म्हणतात. हा खर्च करावा, की आधी दुसरे काही तपासावे?

डोंबिवली_जलद

इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसते ते रबरी आधार, तपासले आहेत का? माझ्या गाडीत नेमकी अशीच थरथर होती आणि उजव्या बाजूच्या माउंटिंगचे रबर फाटलेले निघाले. ओळखण्याची सोपी खूण अशी, की काटा स्थिर असून केबिन थरथरत असेल तर संशय माउंटिंगवर घ्यावा आणि काटाच खालीवर होत असेल तर दोष इंजिनाच्या आत किंवा त्याच्या श्वासात आहे असे समजावे. आपल्याकडे काटा हलतो आहे, त्यामुळे माउंटिंग हे मूळ कारण नसावे. तरी बोनेट उघडून, हँडब्रेक ओढून, दुसऱ्या कोणाला किंचित रेस करायला सांगून इंजिन किती झोके घेते ते पाहायला पैसे पडत नाहीत.

नांगरट

ताई, मी ऊस पिकवणारा माणूस आहे, त्यामुळे इथेनॉलविरुद्ध बोलताना माझीच जीभ अडखळते. पण २०२५ पासून बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले आहे आणि आपली गाडी त्याच्या कितीतरी आधीची आहे. आमच्या भागात अनेक जुन्या गाड्यांची कुरकुर त्यानंतरच सुरू झाली. आपलाच ऊस आपल्याच टाकीत येऊन आपल्यालाच त्रास देतो आहे. एक टाकी जास्त ऑक्टेनचे, महागाचे पेट्रोल भरून पाहा.

अर्धा_पाना

कोयनाकाठ ताई, पहिली विनंती ही, की पुढचा रुपया खर्च करण्याआधी थांबा. आपण आतापर्यंत तीन प्रकारचे सुटे भाग बदललेत, पण लिहिलेल्या मजकुरात एकही मोजणी दिसत नाही. मी नाशिकला पस्तीस वर्षे गॅरेज चालवले, आता मुलगा पाहतो. इतक्या वर्षांत मी शिकलेली गोष्ट एवढीच, की अंदाजाने बदललेला भाग बहुधा चांगलाच असतो आणि बिघडलेला भाग गाडीतच राहतो.

कृपया या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. थरथर सकाळच्या पहिल्या स्टार्टला जास्त असते की इंजिन तापल्यावर? सीएनजीवर आणि पेट्रोलवर सारखीच आहे की एकावर जास्त? चेक इंजिनचा दिवा कधी लागला होता का, आणि लागला असल्यास स्थिर होता की लुकलुकत होता? ब्रेकचे पेडल दाबून धरल्यावर आरपीएममध्ये काही फरक पडतो का? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण गेल्या दोन पीयूसीच्या पावत्या सापडतात का ते पाहा आणि त्यांवरचा एचसीचा आकडा सांगा.

पावत्यांचे कारण असे, की एचसी म्हणजे न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडलेले इंधन. एखादा सिलिंडर मध्येच जाळ चुकवत असेल, ज्याला आपण गॅरेजात मिसिंग म्हणतो, तर तो आकडा वाढतो. मर्यादेच्या आत असला म्हणून पीयूसीवाला पास करतो, पण मागच्या पावतीच्या तिप्पट असेल तर आपल्यासाठी ती बातमीच असते.

नांगरट यांच्या मुद्द्याला थोडे उत्तर. पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलोच पुरते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात इंजिनाला तेवढ्याच हवेसाठी सहा ते आठ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हा हिशेब आपोआप जुळवून घेते. जुन्या रबरी नळ्यांचा प्रश्न वेगळा आहे, पण एकट्या इथेनॉलने इंजिन लंगडत नाही. महागाच्या पेट्रोलने तर नाहीच, कारण ऑक्टेनचा संबंध इंजिनावर भार असताना होणाऱ्या ठोक्याशी आहे, जागेवरच्या चालीशी नाही.

कोयनाकाठ

सविस्तर उत्तराबद्दल आभार. दोन दिवस लक्ष ठेवून लिहीत आहे.

सकाळी स्टार्ट केल्यावर पहिले अर्धे मिनिट गाडी ठीक असते, कारण तेव्हा आरपीएम बाराशेच्या वर असतो. नंतरची चार-पाच मिनिटे सर्वांत वाईट जातात आणि पुढे थरथर कमी होते, पण पूर्ण जात नाही. पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर प्रकार तोच आहे. सीएनजीवर किंचित जास्त असेल. दिवा मार्चमध्ये एकदा लागला होता, स्थिर होता, दुसऱ्या दिवशी आपोआप गेला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा बिघाडाचा काही कोड नाही असे सांगितले. ब्रेक दाबल्याने फरक पडत नाही. पीयूसीच्या पावत्या सापडल्या. गेल्या वर्षी एचसी ४८ होता, या वर्षी १६५ आहे. हा आकडा मी आजवर कधी वाचलाही नव्हता.

अर्धा_पाना

आपण दिलेल्या माहितीतले सर्वांत मोलाचे वाक्य म्हणजे दोन्ही इंधनांवर प्रकार तोच आहे. सीएनजी किट असलेल्या गाडीत ही तपासणी फुकट मिळते आणि तरी गॅरेजात ती क्वचितच कोणी करतो. पेट्रोलचे इंजेक्टर आणि पेट्रोलचा पंप सीएनजीवर चालताना कामातच नसतात. गॅसचे इंजेक्टर आणि रेग्युलेटर वेगळे असतात. दोन स्वतंत्र व्यवस्था एकाच वेळी, एकाच प्रकारे बिघडणे जवळपास अशक्य असते. म्हणून जे दोन्हींना समाईक आहे तेच पाहावे: प्लग आणि कॉइलची ठिणगी, इंजिनात जाणारी हवा आणि सिलिंडरमधला दाब. इंजेक्टर क्लीनिंग आणि पंप हे दोन्ही खर्च आजच वहीतून खोडून टाका.

ब्रेक दाबून फरक पडत नाही, म्हणजे ब्रेक बूस्टरचा (इंजिनाच्या ओढीने पेडल हलके करणाऱ्या भागाचा) पडदा आणि त्याची नळी बहुतेक ठीक आहेत. एचसीचा आकडा सांगतो, की कुठलातरी सिलिंडर खरोखरच जाळ चुकवतो आहे, तेव्हा केवळ माउंटिंगचा प्रश्न नाही.

थोडा हिशेब सांगतो, म्हणजे कानाला काय शोधायचे ते कळेल. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. साडेसातशे आरपीएमला एक सिलिंडर मिनिटाला पावणेचारशे वेळा, म्हणजे सेकंदाला सहा वेळा पेटतो. एकच सिलिंडर सतत बाद असेल तर सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरल्यावर सेकंदाला सहा इतका नियमित धक्का लागतो. धक्के अनियमित, मध्येच दोन आणि मग काही नाही असे असतील, तर सिलिंडर अधूनमधून चुकतो आहे किंवा हवेत गडबड आहे.

आता खरेदी एकच करा. डॅशबोर्डच्या खालच्या सॉकेटमध्ये लावायचा, गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर ऑनलाइन पाचशे ते हजार रुपयांत मिळतो आणि मोबाइलवरच्या फुकट अ‍ॅपला जोडता येतो. त्यात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम असे दोन आकडे दिसतील. हे आकडे म्हणजे इंजिनाचा संगणक आखून दिलेल्या इंधनापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी सोडतो आहे याची नोंद असते. दोन्हींची बेरीज शून्याच्या पाच टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक, दहाच्या वर गेली तर काहीतरी चुकते आहे. पेट्रोलवर, इंजिन तापलेले असताना, एकदा जागेवर आणि एकदा अडीच हजार आरपीएमला धरून दोन्ही वेळचे आकडे लिहून घ्या.

कात्रजचा_घाट

अर्धा_पाना यांच्या पद्धतीला पूर्ण अनुमोदन. त्यात एका गावठी शक्यतेची भर घालतो. पावसाळ्यात आणि सुगीनंतर उंदीर गरम बोनेटखाली येऊन बसतात. माझ्या गाडीत त्यांनी इंजिनाच्या मागच्या बाजूची बोटभर जाडीची नळी वरून दिसणार नाही अशा ठिकाणी कुरतडली होती. टॉर्च लावून प्रत्येक नळी हाताने वाकवून पाहावी. रबर वरून धड दिसते आणि वाकवल्यावर तडा उघडतो.

इचलकरंजी_लूम

हवेची गळती शोधायला काही जण चालू इंजिनाच्या नळ्यांवर कार्ब क्लीनर फवारतात आणि आरपीएम वाढतो का ते पाहतात. पद्धत खरी आहे, पण ताई, घरी करू नका. तो फवारा पेट्रोलइतकाच पेट घेतो आणि तापलेला एक्झॉस्ट तिथून वीतभर अंतरावर असतो. आमच्या गल्लीत असे करताना एकाच्या भुवया गेल्या. साबणाचे पाणी किंवा नळी चिमट्याने दाबून पाहणे पुरेसे होते.

कोयनाकाठ

स्कॅनर आला. आकडे असे आहेत: जागेवर दोन्हींची बेरीज अधिक १४, अडीच हजार आरपीएमला अधिक ७. साठवलेला कोड नाही, पण प्रलंबित म्हणून पी०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरच्या मिसिंगचा कोड, दिसतो.

कात्रजचा_घाट यांनी सांगितल्याप्रमाणे टॉर्च घेऊन बसले. व्हॉल्व्ह कव्हरवरून इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाकडे) जाणारी एक नळी खालच्या बाजूला हाताला चरचरीत लागली. वाकवल्यावर क्लिपेला लागून नखाएवढी चीर उघडली. आनंद झाला म्हणावे की राग आला म्हणावे, कळेना. नऊ हजार खर्च केले आणि शेवटी निघाली ही दीड-दोनशे रुपयांची नळी!

अर्धा_पाना

नळी आजच बदला, पण आनंद थोडा राखून ठेवा. आकडे काय सांगतात ते पाहू.

अडीच हजाराला असलेले अधिक ७ हे वीस टक्के इथेनॉलचेच आहे असे धरायला हरकत नाही. जागेवर मात्र त्यावर आणखी ७ चढतात. हवेची गळती असली की नेमके असेच होते. चीर तेवढीच असते, पण जागेवर इंजिन मुळातच हवा कमी घेते, त्यामुळे चोरवाटेने आलेली हवा प्रमाणात मोठी ठरते. रेस केल्यावर तीच नगण्य होते. आपल्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असणार आणि ही हवा त्याच्यामागून घुसते, म्हणून संगणकाला तिचा पत्ताच नसतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या गाड्यांत ही खूण एवढी स्पष्ट दिसत नाही, तिथे आरपीएमच वर चढलेला आढळतो. ज्यांच्या गाड्या तशा आहेत त्यांनी माझा हा परिच्छेद डोळे मिटून वापरू नये.

आता न जुळणारी गोष्ट. चिरेतून आलेली हवा सगळ्या सिलिंडरांत कमीअधिक वाटली जाते, पण आपला कोड एकट्या तीन नंबरकडे बोट दाखवतो. शिवाय चुकलेल्या सिलिंडरातून न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि सेन्सर त्यालाच इंधनाची टंचाई समजून आणखी इंधन सोडायला लावतो. म्हणजे वरच्या ७ पैकी काही वाटा नळीचा आणि काही वाटा त्या सिलिंडराच्या चुकण्याचाही असू शकतो. नळी बदलल्यावर आकडा पुन्हा घ्या. अधिक ७ च्या जवळ आला तर प्रश्न मिटला. नाही आला तर पुढे बोलू.

आणखी एक करा. तीन नंबरची कॉइल एक नंबरवर लावा आणि एकची तीनवर. कोड बदलून पी०३०१ झाला तर कॉइल दोषी. तीनवरच राहिला तर कॉइल सुटली.

कोयनाकाठ

नळी बदलली, कॉइलची अदलाबदल केली, चार दिवस गाडी चालवली. थरथर निम्म्याने कमी झाली आहे आणि आरपीएम आता साडेपाचशेपर्यंत पडत नाही. पण जागेवरची बेरीज अधिक १० वर अडकली आहे, सकाळची ती चार-पाच मिनिटे अजून तशीच आहेत आणि कोड तीन नंबरवरच आला.

डोंबिवली_जलद

निम्मी कमी झाली असेल तर माझ्या मते आता सोडून द्यावे. बारा वर्षांची गाडी नव्यासारखी चालणार नाही. वाटल्यास माउंटिंग बदला, उरलेली थरथर केबिनमध्ये येणार नाही.

अर्धा_पाना

डोंबिवलीकर, आपला व्यावहारिक विचार समजतो, पण इथे सोडून देण्याला माझा सक्त विरोध आहे. माउंटिंग बदलून थरथर लपवणे म्हणजे तापाचे मोजमाप करणारा थर्मामीटरच फेकून देणे होईल. चुकणाऱ्या सिलिंडराचे न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जाऊन जळते आणि त्या भागाची किंमत आजवरच्या सगळ्या खर्चाच्या कितीतरी पट असते. आणि मला जो संशय येतो आहे तो खरा असेल, तर उशिराची किंमत त्याहून मोठी आहे.

तीन नंबरवर प्लग नवा आहे, कॉइल निर्दोष ठरली, इंधन दोन्ही प्रकारचे पाहून झाले. उरला तो दाब. सत्तर हजार किलोमीटर सीएनजी, तेही बाहेरून बसवलेल्या किटवर, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे ती म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ही धूर बाहेर सोडणारी झडप, कॅम तिला दाबून उघडतो, आणि झडप मिटलेली असताना या दोन्हींच्या मध्ये राखलेली बारीक फट म्हणजे गॅप.

हे नीट समजून घ्यावे, कारण इथे चांगले चांगले फिटर चुकतात. व्हॉल्व्ह मिटताना सिलिंडर हेडमधल्या एका कडीवर, म्हणजे सीटवर, टेकतो. सीएनजी कोरडा असतो. पेट्रोलचा ओलावा त्या टेकण्याला जे थोडे संरक्षण देतो ते गॅसवर मिळत नाही आणि सीट हळूहळू झिजते. कंपनीतूनच सीएनजीसह निघणाऱ्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि सीट त्या हिशेबाने अधिक टणक दिलेले असतात, बाहेरच्या किटमध्ये इंजिन मूळ पेट्रोलचेच राहते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि त्याचे टोक कॅमच्या अधिकाधिक जवळ येते. म्हणजे झीज होऊन गॅप वाढत नाही, कमी होतो. गॅप वाढला तर टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले तुकडे, वाजतात, हे सर्वांना माहीत असते. कमी झाला तर इंजिन उलट आणखी शांत होते आणि गॅरेजवाला कान लावून म्हणतो, आवाज एकदम गोड आहे, टॅपेट बघायला नको. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, दाब निसटतो आणि त्या फटीतून गेलेला जाळ व्हॉल्व्हची कडा खातो. तिथवर पोहोचले की हेड उतरवणे आले.

आपली सकाळची चार-पाच मिनिटेही यात बसतात. स्टार्ट केल्यावर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह लवकर तापून लांबतो, पण त्याच्याभोवतीचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड तापून फुगायला काही मिनिटे घेते. मधल्या काळात गॅप सर्वांत कमी असतो. हेड तापले की थोडी जागा परत मिळते. मी प्रथम ही खूण थंड रबर आखडण्याची समजलो होतो आणि नळी सापडल्यावर तसे वाटणे साहजिकही होते. ती माझी घाई झाली.

आता गॅरेजमध्ये तीन कामे याच क्रमाने सांगा. पहिले, पेट्रोलवर चालू इंजिनात एकेका पेट्रोल इंजेक्टरचे कनेक्टर काढून आरपीएम किती पडतो ते पाहणे. कॉइल काढून करू देऊ नका, त्याने कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. संगणक पडलेला आरपीएम लगेच सावरतो, म्हणून पहिल्या क्षणाकडेच लक्ष ठेवावे. दुसरे, कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणे, चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. तीन नंबरचा दाब कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. दाब चांगलाच वाढला तर दोष पिस्टन रिंगचा, वाढला नाही तर व्हॉल्व्हचा. तिसरे, रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे कव्हर उघडून फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पात्यांनी) सगळे गॅप मोजून कागदावर लिहिणे. गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे सोडावी लागेल.

कोयनाकाठ

आज गाडी परत मिळाली, म्हणून सविस्तर लिहीत आहे. इंजेक्टरचे कनेक्टर काढल्यावर एक, दोन आणि चार नंबरला इंजिनाने खरोखर मान टाकली, काटा शंभरच्या वर खाली आला. तीन नंबरला जेमतेम वीसने हलला, जणू तो सिलिंडर आधीच रजेवर होता. कॉम्प्रेशन अनुक्रमे १८०, १७८, १५० आणि १७९ पीएसआय निघाले. तीन नंबरमध्ये ऑइल सोडल्यावर १५३ झाले, म्हणजे वाढले नाही असेच धरायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेतून अर्धी रजा काढून स्वतः उभी राहिले. पुस्तिकेत एक्झॉस्टचा गॅप साधारण ०.३० मिलिमीटर दिला आहे. तीन नंबरच्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हपैकी एकाखाली फिटरने ०.१० ची पाती घालून पाहिली, ती गेली नाही. मग ०.०५ ची घातली, ती कागदासारखी चिकटत गेली. बाकीचे एक्झॉस्ट गॅप ०.१८ ते ०.२४ च्या दरम्यान होते, इनटेकचे सगळे ठीक. फिटर काही वेळ पातीकडेच पाहत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, आवाजावरून हे कधीच कळले नसते."

या इंजिनात गॅप जुळवायला स्क्रू नाही, वेगवेगळ्या जाडीचे टॅपेट मिळतात आणि कॅमशाफ्ट उचलून ते बदलावे लागतात. एक्झॉस्टचे आठही घेतले. जाडीच्या मापाप्रमाणे मागवायला चार दिवस गेले. टायमिंग चेनवर आधी रंगाने खुणा करून घ्या, असे मी आगाऊपणे सांगितले. त्यांनी हसून आधीच केलेल्या खुणा दाखवल्या. मजुरी, टॅपेट आणि कव्हरचे गास्केट धरून सात हजार आठशे रुपये झाले.

काम झाल्यावर तीन नंबरचा दाब १७४ आला. जागेवरची ट्रिम अधिक ७, अडीच हजारालाही अधिक ७. आरशात ट्रकचे दिवे आता एकाचे एकच दिसतात.

काका, आता दोन शंका. गॅप पुन्हा किती दिवसांनी मोजावा? आणि सीएनजीसाठी व्हॉल्व्हला वंगण सोडणारी बाटली इनटेकला जोडून देतो असे गॅरेजवाले म्हणत आहेत, ती घ्यावी का?

अर्धा_पाना

१७४ वाचून समाधान झाले. व्हॉल्व्हची कडा जळली असती तर गॅप जुळवूनही दाब परतला नसता, म्हणजे आपण थोडक्यात वाचलात.

पहिली मोजणी दहा हजार किलोमीटरनंतर करा आणि आताच्या कागदाशेजारी आकडे लिहा. गॅप जवळपास हललाच नसेल तर पुढे वीस हजारांनी चालेल. पुन्हा तीन-चार शतांश मिलिमीटर घटला असेल, तर त्या सीटचा टणकपणा संपला आहे असे समजून, हेडच्या कामाचा खर्च करावा की गाडी पेट्रोलवर जास्त चालवावी याचा विचार करावा लागेल. बाटलीविषयी माझे मत प्रतिकूल आहे. ज्या गाड्यांत ती लावली त्यांतही मी झिजलेल्या सीट पाहिल्या आहेत, आणि तेलाचे प्रमाण चुकले तर ते प्लगवर आणि ऑक्सिजन सेन्सरवर बसते. त्यापेक्षा सकाळची पहिली पाच मिनिटे आणि घाटातली चढण पेट्रोलवर काढा. आपली गाडी आपोआप सीएनजीवर जाते, ती किती तापल्यावर जावी हे किटच्या सेटिंगमध्ये बदलता येते, ते किटवाल्याकडून वाढवून घ्या.

नांगरट

ताई, माझ्या महागाच्या पेट्रोलच्या सल्ल्याबद्दल क्षमस्व. आमच्याकडेही बाहेरून किट बसवलेली एक गाडी आहे, साठ हजार झाली, आणि आवाज फारच गोड आहे. उद्याच कव्हर उघडायला नेतो. फीलर गेज घरात ठेवायचा तर कोणत्या मापाच्या पात्या हव्यात, अर्धा_पाना?

अर्धा_पाना

०.०५ पासून ०.५० पर्यंतच्या पात्यांचा साधा जुडगा घ्या, दोन-तीनशे रुपयांत येतो. इंजिन रात्रभर थंड झालेलेच असू द्या. कव्हर उघडण्याआधी वरची माती कापडाने पुसून घ्या आणि नवे गास्केट हाताशी ठेवा. आकडे इथे लिहा, मी पाहीन.